खारू गेली : आमच्या वर्गातली खो-खोवाली

गुणलेखक | रविवार, रात्री ११:१५

आमच्या १९८६च्या दहावीच्या बॅचमधली एक मैत्रीण गेल्या महिन्यात गेली. वर्षभर आजारी होती. मला कळलं ते तेराव्यानंतर, तेही लोकलमध्ये भेटलेल्या एका वर्गमित्राकडून. तिचं नाव इथे लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. शाळेत तिला सगळे खारू म्हणायचे, तेवढं पुरे. परळ-लालबागची त्या वेळची पोरं असतील त्यांना कळेल.

नाव कसं पडलं ते सांगतो. खार झाडाच्या बुंध्यावर बसली असेल आणि आपण बुंध्याभोवती फिरलो, तर ती बरोब्बर पलीकडच्या अंगाला सरकते. आपण थांबलो की तीही थांबते. ही खांबापाशी अगदी तशीच. खो-खोचा खांब असतो जेमतेम चार फूट उंच, पोटरीएवढा जाड. त्याच्याआड माणूस काय लपणार? पण ही लपायची. पाठलाग करणारी डावीकडून आली की ही उजवीकडे, ती उजवीकडून आली की ही डावीकडे, आणि सगळं इतक्या कमी हालचालीत की बघणाऱ्याला वाटावं पोरगी जागची हललीच नाही.

ती गेल्याचं कळल्यावर बॅचच्या ग्रुपवर जे आलं ते वाचून मला जरा राग आला, म्हणून हा धागा. सगळ्यांनी एकच लिहिलं : 'वाऱ्यासारखी धावायची.' साफ चूक. मी शाळेच्या संघाचा गुणलेखक होतो. दम्यामुळे खेळू शकत नव्हतो, म्हणून सरांनी हातात पुठ्ठा, पेन्सिल आणि घड्याळ दिलं. सातवी ते नववी, तिचा प्रत्येक सामना मी सेकंदासकट लिहिलेला आहे. खारू वेगवान नव्हती. शाळेच्या क्रीडादिनाला शंभर मीटरमध्ये तिचा कधी पहिला नंबर आला नाही. एका वर्षी तिसरी आली, एका वर्षी पाचवी.

तिची खरी कमाल बसण्यात होती.

खो-खो न खेळलेल्यांसाठी : पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण मधल्या पाटीवरच्या चौकोनांत उकिडवे बसतात, एकाचं तोंड इकडे तर पुढच्याचं तिकडे. नववा धावतो. धावणाऱ्याने मागून येऊन पाठीवर हात ठेवून 'खो' म्हटलं की बसलेल्याने उठायचं. त्याआधी जरा जरी उठलात तर फाउल. म्हणजे पाठलागात प्रत्येक खेळाडूचा बहुतेक वेळ बसण्यात जातो. आणि बसणं म्हणजे विश्रांती नव्हे. टाच उचललेली, हात जमिनीवर, डोळे धावणाऱ्या गड्यावर, कान मागे. शंभर मीटरवाल्या पोरी नेमक्या इथेच मार खायच्या. गडी शेजारून गेला की त्यांचं ढुंगण आपोआप वर यायचं. पंचांची शिट्टी. खारूच्या नावावर तीन वर्षांत 'लवकर उठली' म्हणून एकही फाउल माझ्या कागदांत नाही. गडी तिच्या नाकासमोरून, वेणी तिच्या तोंडाला लागेल इतक्या जवळून गेला तरी ही दगडासारखी.

दुसरी गोष्ट खो देण्याची. सगळे खो कधी द्यायचा ते शिकतात. ही कधी द्यायचा नाही ते शिकली होती. धावणारी एकदा एका दिशेने निघाली की खांब येईपर्यंत तिला मागे वळता येत नाही, आणि बसलेल्या गड्याची पाटी ओलांडली की त्याला खो देता येत नाही. त्यामुळे घाबरून सगळे पटापट खो देत सुटतात. खारू एक गडी सोडायची, दुसरा सोडायची. समोरची पोर 'आता देईल, आता देईल' म्हणून आधीच पलीकडे जायला वळायची, आणि ही न देता तशीच पुढे. मग तिसऱ्या पाटीवर हळूच 'खो'. तिचा खो फार मोठ्याने नसे. पंच एकदा म्हणाले, 'बाळ, मला ऐकू येऊ दे.' ती म्हणाली, 'जिला द्यायचा तिला आला ऐकू.'

नववीनंतर तिने खेळ सोडला. का, ते मला तेव्हाही नीट कळलं नाही. एक अंतिम सामना हरलो, त्यात तिचं काहीतरी बिनसलं आणि नंतर ती मैदानावर आलीच नाही. घरून बंद केलं असेल, त्या काळी मुलींचं व्हायचंच. एवढी गुणी मुलगी वाया गेली.

कोणाला आणखी आठवत असेल तर लिहा.

---

शेवटचा_बाक | रविवार, रात्री ११:५२

गुण्या, तूच का रे तो? निळ्या स्वेटरवाला? पुठ्ठ्याला दोरी बांधून गळ्यात अडकवायचास. तुला आम्ही कंडक्टर म्हणायचो.

खारूची बातमी ऐकून पोटात खड्डा पडला. माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही. वर्गाचा ग्रुप फोटो निघाला त्या दिवशी ती सामन्याला गेली होती.

---

नायगावकर | सोमवार, सकाळी ७:३०

मी त्या शाळेचा नाही, पण त्यांच्या चाळीत आमची आत्या राहायची, त्यामुळे सुट्टीत तिथेच पडीक. तिच्या आईची खानावळ होती. दीड खोलीत दोन वेळचे मिळून पंचवीस-तीस गिरणी कामगार जेवायचे. कोकणातले, घाटावरचे, बायकामुलं गावी असलेले. सकाळपाळीवाले उठून जायचे आणि त्यांच्या जागी रात्रपाळीवाले येऊन बसायचे. खारू शाळेतून आली की पोळ्या लाटायला बसायची, आणि तेही उकिडवीच. तुमचा धागा वाचून आत्ता डोक्यात आलं. पाट असूनही पाटावर बसायची नाही. आई ओरडायची, 'नीट बस गो, पळायचंय का कुठे?'

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पहिले एक-दोन महिने खानावळीत माणसं होती, उधारीवर जेवत होती. मग एकेक करून गावी गेली. उधारी तशीच राहिली. तिच्या वडिलांची गिरणीही बंद, आईची खानावळही बंद, म्हणजे घरात दोन्हीकडून. लोक संपाच्या गोष्टीत फक्त गिरणी कामगार बघतात, त्यांना जेवू घालणाऱ्या बायका कोणी मोजत नाही.

तर मुद्दा असा की त्या घरात ही पोर सातवीपासून संध्याकाळी दोन तास मैदानावर जात होती आणि तिच्या आईने तिला एकदाही अडवलं नाही. मी साक्षीला आहे. गुणलेखक, 'घरून बंद केलं असेल' हे तेवढं खोडा.

---

ठाणेकरीण | सोमवार, सकाळी १०:०४

छान लिहिलंय. आज असती तर भारताच्या संघात असती नक्की! गेल्या वर्षी जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, म्हणजे २०२५ला, आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० हरवलं. प्रियांका इंगळे कर्णधार होती. मुलांचा कर्णधारही मराठीच, प्रतीक वाईकर. ते बघताना अंगावर काटा आला होता.

---

शेवटचा_बाक | सोमवार, सकाळी १०:२०

आज असती तर सत्तावन्नाची असती हो ताई. पळाली असती तर कौतुकच.

---

ठाणेकरीण | सोमवार, सकाळी १०:२३

तसं नाही हो दादा 😅 भावना समजून घ्या.

---

पाचवी_पाटी | सोमवार, दुपारी २:४०

मी हा धागा सकाळपासून तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. आता लिहितेच.

गुण्या, मी खारूच्या पलीकडच्या चौकोनात बसायची. ती चौथ्या पाटीवर, मी पाचव्या. तोंडं उलट दिशेला, त्यामुळे तीन वर्षं मी तिची पाठ सोडून काही बघितलं नाही असं म्हटलं तरी चालेल. तू बसण्याबद्दल लिहिलंस ते अगदी खरं. पण तू जे लिहिलं नाहीस ते तुला माहीत नाही की माहीत असून लिहीत नाहीस, ते मला कळेना. तू तसा भिडस्तच होतास.

डिसेंबर १९८४. आंतरशालेय अंतिम सामना. शेवटची पाळी, आपलं संरक्षण. आपल्याला फक्त वेळ काढायचा होता. खारू तिघींच्या दुसऱ्या तुकडीत, बरोबरच्या दोघी बाद झालेल्या, ही एकटी उरली. आठवतंय? मैदान कसलं होतं तेही आठव. सकाळी पाणी मारलं होतं, दुपारपर्यंत उन्हाने वरची माती भाजून सुटली होती आणि खाली दगडासारखी. फक्कीच्या रेषा पुसट झालेल्या. खांबाजवळ तर पाय फिरून फिरून वाटीसारखा खड्डा पडला होता.

ती खांबाला वळसा घालत होती. एकदा, दोनदा, तिसऱ्या वेळी पाय त्या वाटीत राहिला आणि अंग फिरलं. मी रेषेबाहेर बसले होते, दहा-बारा फुटांवर. मी आवाज ऐकला. टच्. ओली काटकी मोडावी तसा. ती दोन पावलं लंगडत मागच्या रेषेबाहेर गेली आणि पडली. तिला कोणी शिवलंच नव्हतं.

पंचांनी हात वर केला, मैदानाबाहेर म्हणून बाद. तू लिहिलंस. आपण एका गुणाने हरलो.

सरांना वाटलं तिने हात टेकले. मध्यंतराला ते तिच्यावर ओरडले होते ना, त्याचा तिने राग काढला, मुद्दाम बाहेर गेली, असं त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत तुझा कागद दाखवला. 'हे बघा, कोणी बाद केलेलं नाही, स्वतः बाहेर गेली.' कागदावर तेच होतं ना.

संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. तिला मी आणि आणखी एक मुलगी, दोघींनी खांदा देऊन चाळीचे तीन जिने चढवलं. सर म्हणाले चमक भरली आहे, तिळाचं तेल लावा, क्रेप बँडेज बांधा. बांधलं. तीन आठवड्यांनी सूज गेली, चालायला लागली, जिना चढायला लागली, बस पकडायला पळायला लागली. मग सगळे म्हणायला लागले, बघा, पळते तर मस्त, मैदानावर यायचं तेवढं जिवावर येतं. ती फेब्रुवारीत एकदा आली सरावाला. मला म्हणाली सरळ पळताना काही नाही गं, वळले की गुडघा माझा राहत नाही. दुसऱ्याच वळणावर पडली. कोणीतरी हसलं. त्यानंतर नाही आली.

वाया गेली म्हणतोस. काय वाया गेलं ते तरी नीट लिहायचं.

---

शेवटचा_बाक | सोमवार, दुपारी ३:०५

हसणाऱ्यांत मी होतो. तेव्हा काही कळत नव्हतं.

---

हाडं_बघणारा | सोमवार, रात्री ९:१०

पाचवी_पाटी, मी अस्थिरोग डॉक्टर आहे, परळ भागातच शिकलो. पेशंट न बघता निदान करू नये, पण तुम्ही जे लिहिलंय ते आमच्या पाठ्यपुस्तकातल्या वर्णनाइतकं स्वच्छ आहे. पाय जमिनीत अडकलेला, वरून अंग फिरलं, 'टच्' आवाज, कोणाचा धक्का नाही, काही तासांत मोठी सूज. हा बहुधा गुडघ्याच्या आतला एसीएल लिगामेंट तुटल्याचा प्रकार. नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये आणि भलतीकडे फिरू नये म्हणून आत जो दोर असतो तो हा.

लोकांना न पटणारी गोष्ट अशी की हा दोर तुटलेला माणूस सूज उतरल्यावर चालतो, जिने चढतो, सरळ रेषेत चांगला पळतोही. कारण सरळ पळण्यात त्या दोराचं काम कमी. वळताना, झपकन थांबताना, दिशा बदलताना गुडघा निसटतो. 'वळले की गुडघा माझा राहत नाही' हे वाक्य पेशंट जवळजवळ याच शब्दांत बोलतात. नाटक करणारा माणूस असं वाक्य बनवू शकत नाही. आणि मुलींमध्ये ही इजा मुलांपेक्षा जास्त होते, हे आता सगळीकडे मान्य आहे. त्यात खो-खो म्हणजे नुसती वळणंच.

१९८४मध्ये एमआरआय वगैरे सोडाच, पण त्याची गरजही नव्हती. गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून बघितली की जाणत्या हाताला अर्ध्या मिनिटात कळतं. कोणीतरी एकदा तो गुडघा हातात घ्यायला हवा होता. लगेच ऑपरेशन झालं असतं असं नाही म्हणत, तेव्हा ती शस्त्रक्रिया आजच्यासारखी सरसकट होत नव्हती. पण मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम तरी मिळाले असते, आणि मुख्य म्हणजे मुलीला कोणी खोटारडी म्हटलं नसतं.

तेलाने वाईट काही होत नाही. पण तुटलेला दोर तेलाने सांधत नाही.

---

नायगावकर | सोमवार, रात्री ९:४८

डॉक्टरसाहेब, आता एक कोडं सुटलं. खारू लग्नानंतर डोंबिवलीला गेली, पण माहेरी आली की पहाटे पाचला उठून पळायला जायची. परळहून निघून वरळी सीफेसला, तिथून परत. सगळं सरळ सरळ. आत्या म्हणायची, ही इतकी पळते मग शाळेत का सोडलं? २००४ला मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तिने अर्धी मॅरेथॉन पुरी केली होती, एकवीस किलोमीटर. पदक आत्याला दाखवायला आणलं होतं. आम्ही विचारलं कितवी आलीस, तर म्हणाली, 'कितवी ते माहीत नाही, पण कुठे वळायचं असलं की मी बाजूला होऊन हळू वळायची.' आम्हाला वाटलं गंमत करतेय.

---

मातीतली_मॅट | मंगळवार, सकाळी ८:१५

मी इथे वाचनमात्र असते, आज लिहिते. मी खारूताईंची विद्यार्थिनी. त्यांना आम्ही बाई म्हणायचो. डोंबिवलीत त्यांच्या सोसायटीमागे पालिकेचं एक मैदान आहे, तिथे त्या संध्याकाळी आम्हा आठ-दहा मुलींना खो-खो शिकवायच्या. फी नाही, संस्था नाही, बॅनर नाही. २००९ ते २०१४पर्यंत मी होते. त्या आधी आणि नंतरही शिकवत होत्या.

बाई कधी धावून दाखवायच्या नाहीत. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शिट्टी. पहिला महिनाभर आम्हाला धावूच दिलं नाही. फक्त बसवलं. चौकोनात बसा, मी मागून फिरते, खो देते की नाही ओळखू नका, फक्त ऐका. मागून येऊन अगदी पाठीपर्यंत हात आणायच्या आणि निघून जायच्या. जी हलली तिने मैदानावरचे खडे वेचायचे. माझ्या वाटणीला इतके खडे यायचे की आई म्हणायची तू खो-खो शिकतेस की मजुरी करतेस.

पण एक गोष्ट आत्ता कळतेय. सराव सुरू व्हायच्या आधी बाई स्वतः दोन्ही खांबांपाशी जायच्या आणि चपलेने, मग हाताने माती सारखी करायच्या. खड्डा दिसला की बुजवायच्या, पाणी मारायच्या, पायाने दाबायच्या. रोज. दहा-दहा मिनिटं. आम्ही वैतागायचो. एकदा मी म्हटलं, 'बाई, एवढ्याशा खड्ड्याने काय होतंय?' त्या काही बोलल्या नाहीत, मातीच दाबत राहिल्या.

आणि कोणाचा गुडघा, घोटा मुरगळला तर घरी सोडायच्याच नाहीत, रिक्षात घालून आधी दवाखाना. पैसे स्वतः द्यायच्या. माझा घोटा असाच दाखवला होता. काही नव्हतं, नुसतं मुरगळलं होतं. डॉक्टर म्हणाले घाबरू नका. बाई माझ्यापेक्षा जास्त घाबरल्या होत्या.

---

ठाणेकरीण | मंगळवार, सकाळी ९:३०

वाचून रडू आलं.

---

शेवटचा_बाक | मंगळवार, सकाळी ११:००

आपल्या बॅचने काहीतरी करूया. मी दहा हजार देतो. तिच्या नावाचा चषक ठेवू, दर वर्षी शाळेत. फिरता चषक, चांदीचा मुलामा, खाली पट्टी. डिझाइन माझा भाचा करेल.

---

पाचवी_पाटी | मंगळवार, सकाळी ११:२५

चषक नको. त्या शाळेच्या कपाटात तेव्हाचेच चषक काळे पडलेत, मी गेल्या वर्षी बघून आले. एकाच्या आत स्टेपलरच्या पिना ठेवल्यात.

पैसे गोळा करायचेच असतील तर शाळेतल्या पोरांच्या गुडघ्यांसाठी करा. एखादी पडली तर त्याच आठवड्यात चांगल्या डॉक्टरला दाखवायचं, एमआरआय लागला तर त्याचे पैसे, आणि नंतर फिजिओ. एवढंच.

---

शेवटचा_बाक | मंगळवार, सकाळी ११:३१

पण मग तिचं नाव कुठे दिसणार?

---

पाचवी_पाटी | मंगळवार, सकाळी ११:३३

दिसायला कशाला हवं.

---

हाडं_बघणारा | मंगळवार, दुपारी १:१५

खेळताना पडलेल्या शाळकरी मुलांना मी फी न घेता बघेन, हे इथे लिहून देतो. फिजिओथेरपीला मात्र पैसे लागतील, आणि ती महिनोन् महिने चालते. लोक ऑपरेशनला पैसे देतात, व्यायामाला देत नाहीत, आणि निम्मी कामं तिथेच बिघडतात. शेवटचा_बाक, तुमचे दहा हजार तिथे घाला. आणखी एक : दर मोसमात सुरुवातीला सर आणि बाई लोकांना तासभर दाखवू की गुडघा गेला हे कसं ओळखायचं आणि लगेच काय करायचं नाही. त्याला पैसेही लागत नाहीत, फक्त शाळेने हॉल द्यावा.

---

शेवटचा_बाक | मंगळवार, दुपारी १:४०

ठीक. चषक रद्द. भाच्याला सांगतो.

---

मूग_गिळून | मंगळवार, दुपारी ४:५०

थोडं अवांतर. आता मॅटवर खेळतात, माती राहिली नाही, त्यामुळे असले खड्डे-बिड्डे प्रकार बंद झाले असतील ना? आमच्या वेळी मातीच्या खेळाची मजा वेगळी होती, मॅटवर तो सूर मारल्याचा आवाजच येत नाही.

---

मातीतली_मॅट | मंगळवार, सायंकाळी ६:०२

काका, मॅट मोठ्या स्पर्धांना. शाळा आणि गल्लीतली मंडळं अजून मातीतच खेळतात. आणि मॅटवर बूट जास्त पकडतात, पाय अडकतो तो वेगळाच. मी दोन्हीवर खेळले आहे, म्हणून तर हे नाव घेतलंय. मातीत सूर मारला की कोपर सोलवटतं, मॅटवर मारला की भाजतं.

---

गुणलेखक | मंगळवार, रात्री ११:३०

कालपासून उत्तर दिलं नाही कारण माळ्यावर चढलो होतो. बायको म्हणाली दमा आहे, धुळीत जाऊ नका. गेलो. पत्र्याच्या पेटीत सगळे कागद आहेत. वाळवीने एक कोपरा खाल्लाय, पण ८४ डिसेंबरचा शाबूत आहे.

पाचवी_पाटी, मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. गुणलेखकाचं टेबल मधल्या रेषेपाशी असतं, ती मागच्या रेषेवर पडली. मधे पंच आणि बसलेल्या पोरी. मी पंचांचा हात बघितला आणि लिहिलं. आवाज मला आला नाही. सरांनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडून कागद मागून घेतला तो कशासाठी तेही मला नंतर कोणी सांगितलं नाही. पण मी विचारलंही नाही. ती फेब्रुवारीत सरावाला आली होती त्या दिवशी मी दम्याने घरी होतो, म्हणून त्या दिवसाचा कागदच नाही, आणि माझ्या लेखी जे कागदावर नाही ते झालंच नव्हतं. दहावीचं अख्खं वर्ष ती वर्गात माझ्यापुढे दोन बाक सोडून बसत होती. 'का सोडलंस गं' एवढं विचारायला काय जात होतं?

नायगावकर, घरून बंद केल्याचं वाक्य खोडता येत नाही, संपादनाची मुदत संपली. इथेच लिहितो : ते चूक होतं. 'वाया गेली' हेही.

डॉक्टर, माझे वीस हजार धरा.

कागदावर तिच्या नंबरापुढे 'मै. बा.' असं आहे, मैदानाबाहेर. पेन्सिल अजून गडद आहे. मी हातात खोडरबर घेऊन बराच वेळ बसलो होतो.

---

पाचवी_पाटी | मंगळवार, रात्री ११:४८

खोडू नकोस हां! वेडा आहेस का?

तिला माहीत होतं तू काय लिहिलंस ते. आम्ही दोघी शेवटपर्यंत फोनवर बोलायचो. एकदा मीच तुझ्यावर चिडून काहीतरी बोलले, तर म्हणाली, 'गुण्याने बरोबर लिहिलं, मी बाहेरच पडले होते. त्याने आत लिहिलं असतं तर तो खोटा झाला असता.' तिचा राग तुझ्यावर नव्हता. सरांवर होता, तो कधी गेला नाही, आणि जायचं काही कारणही नव्हतं.

तिचा मुलगा विचारत होता आईच्या खेळाचं काही आहे का कोणाकडे. फोटो नाही, बातमीचं कात्रण नाही, पदकं आईने खानावळीच्या वेळी भांडी घेताना मोडीत घातली असं ती सांगायची. खरं-खोटं देव जाणे, तिला अशा थापा मारायला आवडायचं. तू सगळ्या कागदांची झेरॉक्स काढ. आहे तशी. ८४चीही.

---

गुणलेखक | बुधवार, रात्री १२:०५

काढतो. एकूण एकतीस सामने आहेत. शनिवारी दादरला भेटू? तुझ्याकडे देतो, तू मुलाकडे पोचव. मला एकदम त्याच्यासमोर जायला होणार नाही.

---

पाचवी_पाटी | बुधवार, रात्री १२:०९

होईल. तूही ये. तिथे बसून नुसतं आकडे वाचून दाखव, तेवढं पुरे. बरं, त्या दिवशी ती किती वेळ टिकली होती रे? मी सगळ्यांना तीन मिनिटं सांगत आले इतकी वर्षं.

---

गुणलेखक | बुधवार, रात्री १२:११

दोन मिनिटं पन्नास सेकंद.

---

पाचवी_पाटी | बुधवार, रात्री १२:१२

तीन म्हण की.

---

गुणलेखक | बुधवार, रात्री १२:१४

दोन पन्नास. घड्याळ माझ्याकडे होतं.